शनिवारबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर रेसिंगचा विषय काढला की बाबा लगेच फोन आईकडे देतात आणि आई विचारते जेवलीस का. म्हणून लिहितेय.

गेल्या ऑक्टोबरात माझं खांद्यापाशी हाड मोडलं ते जिन्यावरून पडून नाही. गाडी भिंतीला लागली होती, चूक माझीच. ‘नाद सोडला’ असं मी म्हणाले तेही अर्धंच खरं. हिवाळाभर गाडी शेडमध्ये उभी होती, एवढंच.

यंदा इथे अमेरिकेत, हिकरीच्या ट्रॅकवर आठ शनिवार धावणार आहे. ऑफिसात चार दिवसांचा आठवडा मागून घेतलाय, पगार तेवढा कापला जातो. घराचा हप्ता त्यात बसतो, मी दोनदा हिशेब केलाय. विचारत नाहीये, सांगतेय, हे मलाही लिहिताना टोचतंय.

बाबा, यात मिळत काही नाही. बक्षिसात टायरचेही पैसे निघत नाहीत. पण इथे बहुतेकांचं असंच आहे, आठवडाभर नोकरी आणि शनिवारी रात्री रेस. जवळच कनापोलिस आहे, पूर्वी आपल्या इचलकरंजीसारखं गिरण्यांचं गाव होतं. तिथला राल्फ अर्नहार्ट कापडगिरणीतली नोकरी सोडून रेसिंगला लागला आणि १९५६ साली नॅसकारच्या, म्हणजे मोटार रेस भरवणाऱ्या इथल्या मोठ्या संस्थेच्या, स्पोर्ट्समन गटात चॅम्पियन झाला. मी नोकरी सोडत नाहीये, एवढं तरी माझ्या बाजूनं धरा.

त्याचा मुलगा डेल २००१ मध्ये डेटोनाच्या ट्रॅकवर शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. आई, तो व्हिडिओ तू मोबाइलवर पाहिलास, ताईनं सांगितलं. पुढचं पण ऐक. त्याच वर्षी नॅसकारच्या मोठ्या रेसमध्ये मान धरणारं उपकरण सक्तीचं झालं. बैलाच्या मानेवरच्या जुवासारखं ते खांद्यांवर बसतं आणि हेल्मेटला पट्ट्यांनी बांधलेलं असतं. नॅसकारच्या वरच्या तिन्ही मालिकांत तेव्हापासून रेसमध्ये कुणी दगावलेलं नाही. छोट्या ट्रॅकवर दगावलेत, खोटं कशाला बोलू. पण मी ते घातल्याशिवाय बसत नाही, सरावालाही नाही.

इथे ड्रायव्हरच्या खिडकीला काच नसते, जाळी असते. धडकेनंतर ड्रायव्हर ठीक असेल तर त्यानं ती खाली पाडायची, म्हणजे बाहेरच्यांना कळतं. त्या दिवशी उजवा हात वर होईना. डाव्या हातानं खटका सापडेपर्यंत रेडिओवर माणूस सारखा विचारत होता, आणि मला आठवत होतं करूळ घाटात, बाबा, तुमच्या शेजारी इंजिनच्या बॉनेटवर बसलेली मी. खाली पोतं घालूनही ढुंगण भाजायचं. तुम्ही म्हणायचात, ‘वेग वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही.’ मी वळणात मारला, बाबा. म्हणून गाडी फिरली.

खाण्याची काळजी नको. शनिवारी डबा माझाच असतो, दशम्या आणि कांदा-लसूण चटणी. आमचे दोघे मेकॅनिक ती चटणी ब्रेडला फासून खातात आणि नाक पुसत आणखी मागतात. तेव्हा या खेपेला दोन किलो पाठव. गाडीत भयंकर उकडतं, पण पाण्याची नळी हेल्मेटपर्यंत येते. जोतिबाचा गुलाल पुडीसकट सीटमागे चिकटवलाय.

गणपतीला मात्र यायला जमणार नाही. दिवाळीला येते, तिकीट काढलंय, चांगली तीन आठवडे राहीन.

आता माझं ऐका. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकलू नका. ते होईपर्यंत अंधार पडल्यावर स्कूटरला हात लावायचा नाही. हे मी सांगतेय म्हणून हसू नका. किल्ली आईकडे द्या. बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणला नव्हता.

शनिवारी रात्री इथली रेस संपते तेव्हा तुमच्याकडे रविवारचे सकाळचे साडेसात वगैरे वाजलेले असतात. फोन मीच करीन. उशीर झाला तर समजा अजून गाडी ट्रेलरवर चढवतोय. देव पाण्यात घालून बसू नकोस, आई. दूध उतू जाईल.

तुमची,
बबडी