कर्नल झाटोपेक, आभार: चारशेच्या फेऱ्यांचे आणि न पकडलेल्या विमानाचे

कर्नल एमिल झाटोपेक यांस,
सप्रेम नमस्कार.

लांब पल्ल्याचं धावणं शिकणारे-शिकवणारे आम्ही चेकोस्लोव्हाकियाचे धावपटू आणि लष्करी अधिकारी म्हणून तुमचे दुहेरी ऋणी आहोत.

पहिलं ऋण तुमच्या सरावाचं: पाच वेळा २०० मीटर, वीस वेळा ४००, पुन्हा पाच वेळा २००. प्रत्येक धावेनंतर २०० मीटर जॉगिंग. वेगातले १० किलोमीटर, जॉगिंग धरून १६च्या घरात. नवखा मुलगा हे जसंच्या तसं उचलतो आणि पोटरी धरून बसतो. त्याने आठ चारशेंपासून सुरुवात करावी, ५,००० मीटरच्या शर्यतीच्या वेगाने. पहिल्या दोन जोशात मारल्या की सहावीला पाय जड होतात. मग पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहतात आणि तिथेच कसरत वाया जाते. दोन फेऱ्यांमध्ये पाय थांबवायचे नाहीत, खरी मेख तीच. (तुमच्या लष्करी बुटांची नक्कल मात्र नको, नडगी बोलायला लागते.) १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तुम्ही ५,०००, १०,००० आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन जिंकलीत, ती या पायावर.

दुसरं ऋण मोठं. त्याच हेलसिंकीसाठी तुमचे सहकारी धावपटू स्टानिस्लाव युंगविर्थ यांना संघातून वगळलं होतं, कारण वडील राजकीय कैदी. तुम्ही गणवेशातले अधिकारी, हुकूम पाळणं ही नोकरी. तरी त्यांच्याशिवाय जायला नकार दिलात आणि विमान सोडून दिलंत. कम्युनिस्ट सत्तेला तुमची पदकं हवी होती, म्हणून ते खपलं. काही दिवसांनी दोघंही गेलात. १९५७ला युंगविर्थ यांनी १,५०० मीटरचा विश्वविक्रम केला, ३:३८.१.

१९६८ला मात्र पदकं कामी आली नाहीत. सुधारणा मागणाऱ्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्यावर सही केलीत, देशात घुसलेल्या सोव्हिएत रणगाड्यांविरुद्ध उघड बोललात. पक्ष गेला, लष्कर गेलं, भूगर्भ खोदणाऱ्या टोळीत मजुरी आली. पुढे १९७१ला जाहीर माघारही घ्यावी लागली. तुमच्या नावाचा प्रचार त्याच सत्तेने आधी वर्षानुवर्षं केला होता, हेही आम्हाला ठाऊक आहे. तरी युंगविर्थ यांचं तिकीट त्या हिशेबात वजा होत नाही.

आपले,
लांब पल्ल्याचे धावपटू व प्रशिक्षक

ता. क. आठाच्या दहा चारशे करायच्या त्या शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात आली तरच.