गृहपाठाची मर्यादा कागदावरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर २ तास आणि सहावी ते आठवीला रोज १ तास, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या चौथीतल्या नातीचे आठवड्याचे दोन तास मात्र मंगळवारीच संपतात. सकाळी सातच्या आत ती रामबागेत बसची वाट पाहत उभी असते, तीनला परतते आणि वर्गात लिहून झालेलीच प्रश्नोत्तरे पुन्हा ‘फेअर’ वहीत उतरवायला बसते, ज्यात शिकणे कमी आणि बोटे दुखणेच जास्त. (प्रोजेक्टचा थर्माकोल कोण कापते, हे घरोघरच्या आयांना विचारावे.)

शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, म्हणजे रोज सरासरी ४ तास अध्यापन ठरवले आहे. शाळा त्याहून अधिक वेळ भरत असेल, तर लेखनही तिथेच पुरे करून घ्यावे. इंदूरच्या शाळांनी इयत्तावार गृहपाठाचे वेळापत्रक सूचनाफलकावर लावावे आणि जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी ते मुलांच्या वह्यांशी ताडून पाहावे, अशी विनंती आहे.

– एक आजोबा, रामबाग, इंदूर