हाकेला आलेल्या कुत्र्याला शिक्षा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्रा पाळणाऱ्या अनेक घरांत वारंवार घडणाऱ्या एका चुकीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. मोकळा सोडलेला कुत्रा हाकेला येत नाही, मालक चार-पाच वेळा ओरडतो आणि अखेर कुत्रा जवळ आला की त्याला दटावतो, क्वचित फटकाही मारतो. मालकाच्या मते ही उशीर केल्याची शिक्षा असते, परंतु कुत्र्याच्या लेखी ती जवळ येण्याची शिक्षा ठरते, कारण मार बसण्यापूर्वी त्याने केलेली शेवटची गोष्ट तीच असते. पुढच्या वेळी तो आणखी लांब थांबतो आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

ज्या कृतीतून समाधान मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून मांडले होते. हाकेला येण्याची सवय याच तत्त्वावर लागते, भीतीवर नाही.

आमच्या घरी ही चूक माझ्याच हातून झाली. आमची कुत्री दीड वर्षाची होईपर्यंत ‘ये’ हा शब्द मी तिला आंघोळ घालण्यासाठी, नखे कापण्यासाठी किंवा रंगात आलेला खेळ थांबवून घरी नेण्यासाठीच वापरत होतो, त्यामुळे तो ऐकताच ती जागच्या जागी उभी राहू लागली. शेवटी आम्ही तो शब्द कायमचा सोडला, नवा निवडला आणि घरातल्या प्रत्येकाने तोच वापरायचा असे ठरवले. सुरुवात घरातच, दोन-तीन पावलांवरून केली. शब्द एकदाच उच्चारायचा, ती पोहोचताक्षणी हरभऱ्याएवढा खाऊ द्यायचा आणि तो देताना दुसरा हात अलगद गळ्यातल्या पट्ट्यावर ठेवायचा. खाऊ घेऊन निसटण्याची सवय कुत्र्यांना फार लवकर लागते, म्हणून हा दुसरा हात महत्त्वाचा. खाऊला दोन-चार क्षणांचा उशीर झाला, तरी तो नेमका कशाबद्दल मिळाला हे तिला कळत नसे.

बाहेर पडल्यावर आम्ही आठ-दहा मीटरची हलकी दोरी वापरली. दोरीचे काम कुत्र्याला खेचून आणण्याचे नाही. तो दुसरीकडे धावून जाऊ नये, एवढेच. ती आली नाही तर आम्ही पुन्हा पुन्हा हाका मारत नव्हतो. पाठ फिरवून विरुद्ध दिशेने चार पावले पळत होतो आणि बहुतेक वेळा ती मागे धावत येत असे. कुत्र्याचा पाठलाग केला की त्याला तो खेळ वाटतो, आपण पळालो की तो आपल्या मागे येतो.

सर्वाधिक उपयोग झाला तो आणखी एका गोष्टीचा. ती आली की खाऊ द्यायचा आणि लगेच पुन्हा खेळायला सोडायचे. दहा वेळा बोलावले तर नऊ वेळा तिला परत मोकळीक मिळे, त्यामुळे हाक म्हणजे आनंदाचा शेवट, ही तिची समजूत हळूहळू पुसली गेली. नखे कापायची असतील तेव्हा हाक न मारता आम्ही स्वतः तिच्याजवळ जाऊ लागलो.

ही लाच आहे, कुत्र्याने प्रेमापोटी यावे, असे काही जण म्हणतात. लाच आधी दाखवावी लागते. बक्षीस काम झाल्यावर मिळते. खाऊ हातात धरून बोलावले तर कुत्रा खाऊ पाहूनच येतो, म्हणून तो खिशात असावा. शब्द पक्का झाल्यावर दर वेळी खाऊ देण्याची गरज उरत नाही, पण तो एकदम बंदही करू नये.

तारुण्यात येताना, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या वयानंतर, शिकलेला कुत्राही हाकेकडे दुर्लक्ष करू लागतो. अशा वेळी रागावण्यापेक्षा पुन्हा दोरी लावून दोन पावलांपासून सुरुवात करावी. आमच्या कुत्रीला नव्या शब्दावर विश्वास बसायला सात महिने लागले. आता ती दुसऱ्या कुत्र्यांशी खेळत असतानाही एका हाकेत वळते. रस्त्याजवळ मात्र आम्ही तिला आजही दोरीशिवाय सोडत नाही.

आपला नम्र,
एक श्वानपालक