ऑइल सील बदलण्यापूर्वी गळतीचे मूळ शोधा

संपादक महोदय,

वापरलेले छोटे फोर-स्ट्रोक इंजिन विकत घेतल्यावर त्याच्याखाली ऑइलचा डाग दिसला, की ‘सील गेले’ (म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी खराब झाली) असे म्हणून इंजिन खोलायला घेतले जाते. पुष्कळदा नवे सील बसवूनही गळती थांबत नाही आणि दोष सुट्या भागाच्या दर्जावर ढकलला जातो. पंप, जनरेटर, फवारणी यंत्र अशा कामांसाठी आपले असंख्य वाचक ही इंजिने वापरतात, म्हणून हे पत्र.

ऑइल जिथे ठिबकते तिथेच ते गळत असते असे नाही. ते खाली ओघळते आणि फ्लायव्हीलच्या पंख्याच्या वाऱ्याने भलतीकडे पसरते. त्यामुळे सर्वप्रथम इंजिन थंड असताना बाहेरून स्वच्छ धुऊन कोरडे करावे, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन थोडा वेळच चालवावे. पावडरीवर पहिली ओली रेघ जिथे उमटेल, तिथून शोध सुरू होतो. कित्येकदा ती ड्रेन प्लगच्या दबलेल्या वॉशरपाशी किंवा टॅपेट कव्हरच्या (व्हॉल्व्हवरील झाकणाच्या) गॅस्केटपाशी, म्हणजे सांध्यातील पातळ पट्टीपाशी, निघते आणि काम तेवढ्यावरच भागते.

सील फुटलेले दिसले तरी ते का फुटले, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पिस्टनच्या वरखाली हालचालीने क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या, ऑइल असलेल्या कप्प्यात) निर्माण होणारा दाब ब्रीदरच्या, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या मार्गाच्या, झडपेतून बाहेर पडतो. ही झडप काजळीने अडकली, किंवा पिस्टन रिंगा झिजून जळालेला वायू खाली उतरू लागला, की तो दाब ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. ब्रीदरची नळी बहुतेक इंजिनांत एअर फिल्टरकडे जात असल्याने ऑइलने भिजलेला फिल्टर ही याची मोठी खूण आहे. अर्थात इंजिन चुकीच्या बाजूला कलंडले असेल किंवा ऑइल जास्त भरले असेल, तरीही फिल्टर भिजतो. डिपस्टिकवरील (पातळी मोजायच्या पट्टीवरील) ऑइल न भरताच वाढलेले, पातळ झालेले आणि पेट्रोलच्या वासाचे असेल, तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल भरल्यावर ते बंद करणारी सुई) पेट्रोल रोखत नाही, हे जवळपास नक्की समजावे. अशा वेळी इंजिन चालवू नये. आधी नीडल दुरुस्त करून ऑइल बदलावे.

हे सारे ठीक असूनही शाफ्टपाशीच गळत असेल, तर मात्र सील बदलण्याला पर्याय नाही. जुने सील काढल्यावर शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. जुन्या सीलच्या ओठाने (शाफ्टला घासणाऱ्या आतल्या कडेने) पाडलेली खाच नखाला लागली, तर नवे सील त्याच जागी ठोकण्यात अर्थ नसतो. जागा असल्यास ते किंचित आतबाहेर बसवावे लागते. बसवण्यापूर्वी ओठाला ऑइल लावावे. गॅस्केटऐवजी सीलंटचे जाड थर थापण्याची सवय तर सोडलीच पाहिजे, कारण आत सुटलेले त्याचे तुकडे ऑइलचा मार्ग अडवू शकतात.

गळती पूर्ण थांबेपर्यंत प्रत्येक वेळी सुरू करण्यापूर्वी इंजिन सपाट जागी ठेवून ऑइलची पातळी पाहावी. अशा अनेक इंजिनांत ऑइल पंप नसतो, कनेक्टिंग रॉडचे टोक ऑइल उडवते तेवढेच वंगण मिळते. पातळी घटली की सर्वांत आधी तो रॉडच जाम होतो आणि मग संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक