गुणाकार कुणी केलाच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवजात बाळांच्या तपासण्यांवरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर थायरॉइडचा दोष कळतो, एवढ्यावरच तो थांबला. त्याच वाळलेल्या थेंबावर ‘एससीआयडी’ही कळतो. या आजारात बाळ प्रतिकारशक्तीशिवायच जन्माला येतं.

मी इंदूरला एकतीस वर्षं लॅबमध्ये काचा वाचल्या, म्हणून हे लिहिते आहे. 1996 साली माझ्या मावसबहिणीचा मुलगा पाच महिन्यांचा होऊन गेला. क्षयाच्या बीसीजी लशीची जागा चिघळत राहिली, काखेत गाठ आली, जीभ पांढऱ्या बुरशीने भरली, जुलाब थांबेनात. आमची आजी म्हणायची, “आपल्यात मुलगे टिकत नाहीत.” तिचे स्वतःचे दोन मुलगे, म्हणजे आमचे मामा, तान्हेपणीच गेले होते. आम्ही दृष्ट काढत बसलो. या आजाराच्या एका नेहमीच्या प्रकारात दोष आईकडून एक्स गुणसूत्रावर येतो आणि आजार मुलग्याला होतो. आजी न शिकता तेच सांगत होती.

त्या बाळाच्या रक्ताची चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. पांढऱ्या पेशी 5,900, त्यात लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, 14 टक्के. गुणाकार केला तर सव्वाआठशे. तेवढ्या बाळाला त्या काही हजार हव्यात. कुणी गुणाकार केलाच नाही. मीही नाही.

आता ‘ट्रेक’ चाचणी आहे. थायमस ग्रंथीत टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) घडताना डीएनएचे बारीक गोल तुकडे सुटतात, ते मोजायचे. तुकडे नसल्यातच जमा असतील, तर पेशी घडत नाहीत असं समजावं. अमेरिकेत विस्कॉन्सिनने 2008 मध्ये ती सुरू केली आणि 2018 अखेर सगळी राज्यं त्यात आली. तिथे साधारण 58 हजारांत एक बाळ सापडतं. साडेतीन महिन्यांच्या आत बोन मॅरो प्रत्यारोपण झालं, तर शंभरातली नव्वदहून जास्त वाचतात. आपल्याकडे 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात हा आजार आहे, उपचाराला मदतही मिळते. पण वेळेत सापडला तर ना!

बीसीजी नको, असं मी मुळीच म्हणत नाही. पण ती जिवंत जंतूंची लस आहे आणि अशा बाळाला तीच बाधते. म्हणून माहेरी तान्हे मुलगे दगावले असतील, तिथे लशीआधी तपासणी व्हावी. ट्रेक नसेल तर निदान साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी.

गेल्या वर्षी माझ्या लेकीच्या बाळंतपणात मी हे सगळं सांगितलं. सिस्टरने ऐकून घेतलं, पण फॉर्मवर लिहायला रकानाच नव्हता. शेवटी तिने समासात पेन्सिलीने लिहिलं, “मामा-आजोबा लहानपणी वारले, 2”, आणि डॉक्टरांनी लस दोन दिवस थांबवून सीबीसी केला. नातवाच्या लिम्फोसाइट 4,700 निघाल्या. गुणाकार या वेळी मी स्वतः केला.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
रामबाग, इंदूर