चरे पडलेली ॲक्रिलिकची टाकी आणि नवा ओव्हरफ्लो : वर्कशॉपवाल्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

माशांची चार फुटी टाकी (१२० × ४५ × ५० सेंमी, १२ मिमी शीट) भरून चालू झाली. तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त पट्ट्या कापण्याचे. जे शिकवलंत त्याचं बिलच केलं नाहीत, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय ते अशासाठी की चरे पडले म्हणून ॲक्रिलिकची टाकी भंगारात काढायला निघालेल्यांच्याही हाती तुमचं सांगणं पडावं.

पहिले आभार ‘आधी पाणी भरा’ या तीन शब्दांचे. ॲक्रिलिकचा वक्रीभवनांक १.४९, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. त्यामुळे आतल्या चऱ्यात पाणी शिरलं की तो बराचसा विझतो. तेवढ्याच खोलीचा बाहेरचा चरा मात्र हवेत असल्यामुळे चमकत राहतो. रिकाम्या टाकीत जे पाहून घाबरायला होतं, त्यातलं निम्मं काम भरलेल्या टाकीत उरतच नाही. पाणी असतानाच डोळ्यांत खुपणारे चरे बाहेरून मेणाच्या पेन्सिलीने घेरून ठेवायचे आणि तेवढेच घासायचे. ज्याला हे माहीत नाही तो आतून चारही बाजू घासत बसतो आणि नसलेल्या लाटा पृष्ठभागात आणून ठेवतो.

चरा आणि क्रेझिंग यांतला फरक दाखवलात, तोही तितकाच मोलाचा. चरा वरचा असतो. क्रेझिंग म्हणजे शीटच्या पोटात ताण मोकळा होऊन पडलेलं बारीक भेगांचं जाळं. टॉर्च तिरका धरला की चांदीच्या तारांसारखं चमकतं. ते घासून जात नाही, उलट खालून नवीन निघत राहतं. जोडाच्या रेषेवर ते दिसलं तर त्या टाकीत पाणी भरायचंच नाही. त्याची कारणं बहुतेक घरातलीच असतात: काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे, थिनर, ॲसिटोन, स्पिरिट. ॲक्रिलिक पुसायला पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ सुती कापड. बस.

आता घासणं. चऱ्यात नख अडकत नसेल तर १००० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) सुरुवात करायची, अडकत असेल तर ४०० ने; मग ६००, ८००, १०००, १५००, २०००. मधला नंबर गाळला की वेळ वाचतो असं वाटतं, पण ४०० ची रेघ १५०० ने निघत नाही, नुसती झाकली जाते, आणि पॉलिश लागलं की पुन्हा वर येते. त्यावर तुमचा उपाय साधा: प्रत्येक नंबरला दिशा बदलायची. ४०० उभा, ६०० आडवा, ८०० पुन्हा उभा. आधीच्या दिशेची एकही रेघ उरली नाही, की मगच पुढचा कागद. तपासताना पृष्ठभाग कोरडा करून बघायचा, कारण ओल्यावर सगळंच गुळगुळीत दिसतं.

घासायचं ते चऱ्यापुरतं नाही, त्याच्याभोवती चांगली वीतभर जागा, कडेकडे हात हलका करत. फक्त चरा घासला तर तिथे बशीसारखा खड्डा होतो आणि त्यामागून जाणारा मासा मध्येच फुगल्यासारखा दिसतो. कागद रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळायचा. बोटांनी दाबलं की बोटांच्या खुणा उमटतात. प्रत्येक नंबरनंतर बादलीतलं पाणी, स्पंज, ठोकळा, सगळं बदलायचं. पांढऱ्या राड्यात राहिलेला ४०० चा एक कण २००० च्या वेळी सगळी मेहनत मातीत घालतो.

पॉलिशला नोव्हसची २ नंबरची बाटली आणि मग १ नंबरची पुरते. मशीन वापरायचं तर फोमचं पॅड, १२०० आरपीएमच्या आसपास, आणि एका जागी थांबायचं नाही. ॲक्रिलिक १०० अंशांच्या पुढे मऊ पडतं, पण घर्षणाने वरचा थर तिथवर पोचायला काही सेकंद पुरतात; मग संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो आणि गाडी परत ६०० वर. तळवा ठेवून कोमटपेक्षा जास्त लागलं की थांबायचं. एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली) शीट असेल तर आणखी जपून, कारण ती कास्टपेक्षा (साच्यात ओतून केलेलीपेक्षा) लवकर चिकट होते. आतल्या बाजूला मेण किंवा सिलिकॉन असलेलं पॉलिश अजिबात नको, आणि काम झाल्यावर टाकी दोन-तीन पाण्यांनी धुवायची.

ज्योत फिरवून चमक आणायची युक्ती तुमच्या हातात असूनही वापरू दिली नाहीत, ते बरं केलंत. ज्योतीने कड चकाकते, पण पृष्ठभागात ताण कोंडतो, आणि त्याच जागी पुढे सॉल्व्हंट (ॲक्रिलिक विरघळवणारं द्रव) लागलं की क्रेझिंग ठरलेलं.

ओव्हरफ्लो म्हणजे टाकीतलं वरचं पाणी कडेवरून घेऊन खालच्या संपमध्ये (टाकीखालच्या दुसऱ्या टाकीत) सोडणारी पेटी; तिथून पंप ते परतीच्या नळाने वर चढवतो. त्या पाण्याचा हिशेब आमच्या बाजूचा, पण शीटला काय सोसतं ते तुम्हीच सांगितलंत. पेटी आतून, मागच्या भिंतीला: ४० सेंमी लांब, १० रुंद, १५ खोल, ६ मिमी शीटची. वरची चौकटीची पट्टी कापायची नाही ही तुमची पहिली अट. टाकीचं पोट फुगू न देणारी तीच. ताशी १५०० लिटर पाणी ४० सेंमीच्या सपाट कडेवरून साधारण ७ मिमी जाडीने वाहतं. मासे पेटीत शिरू नयेत म्हणून कडेला ६ मिमीचे दात आणि ६ मिमीच्या फटी ठेवल्या की उघडी लांबी निम्मी होते आणि पाणी ११ मिमी चढतं. फटींची खोली २५ मिमी ठेवली, म्हणजे अर्धी शेवाळाने तुंबली तरी पाणी दातांवरून जात नाही.

त्या फटी कशा कापायच्या, हे मात्र तुमचंच डोकं. आधी एका ओळीत ६ मिमीची भोकं, मग वरून करवतीने भोकांपर्यंत दोन काप. फटीचा तळ आपोआप गोल येतो. चौकोनी कोपरा ठेवला की ताण नेमका तिथे एकवटतो आणि आज ना उद्या तिथूनच तडा जातो.

मागच्या भिंतीत दोन भोकं. एक इंची टँक निपलचे (भिंतीतून नळ आरपार नेणारा जोड) आटे बाहेरून ३३ मिमी भरतात, म्हणून ३५ चा होल सॉ (गोल भोक पाडायची करवत). मागे लाकडाचा ठोकळा घट्ट बांधून, ड्रिल अगदी हळू, पाण्याची धार चालू, आणि दर काही सेकंदांनी बाहेर काढून भुसा झाडत. घाई केली की भुसा वितळून दात भरतात, भोकाची कड तापते, आणि आरपार जाताना पलीकडचा टवका उडतो. भोकं आधी, चिकटवणं नंतर. रबर वॉशर आतल्या, म्हणजे पाण्याच्या बाजूला, नट बाहेर. हाताने आवळून वर पाव फेरा, पाना तिथेच खाली. गळलं की जास्त आवळायचा मोह होतो आणि ॲक्रिलिक फुटतं ते त्यामुळेच. गळतीचं कारण बहुधा वॉशरखालचा कचरा किंवा वाकडं बसलेलं निपल असतं. आणि पेटी सिलिकॉनने चिकटवायचा विचार कोणी करत असेल तर सोडून द्यावा. सिलिकॉन काचेला धरतं, ॲक्रिलिकवरून सालीसारखं सुटून येतं.

चिकटवण्याआधी टाकी आठवडाभर कोरडी ठेवायला लावलीत. ॲक्रिलिक थोडं पाणी पिऊन बसतं, आणि पाणी प्यायलेल्या शीटवर जोड दुधाळ येतो. पावसाळी दमट हवेतही तेच होतं: सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. म्हणून दिवस कोरडा निवडायचा. टाकी गादीवर पाठीवर झोपवायची, म्हणजे मागची भिंत जमिनीला समांतर; उभ्या जोडातून पातळ वेल्डॉन ४ (ॲक्रिलिक जोडायचं सॉल्व्हंट) ओघळून जातं. पेटीच्या कडेखाली बारीक तारा, सिरिंजने सगळ्या जोडाला सॉल्व्हंट, अर्धा-एक मिनिट कड मऊ होऊ द्यायची, तारा ओढून काढायच्या आणि पेटी स्वतःच्या वजनाने बसू द्यायची. दाबलं की सगळा रस बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो. कुठे थेंब सांडलाच तर पुसायचा नाही, उडू द्यायचा. ही वाफ हवेपेक्षा जड, टाकीच्या पोटात साचते; डोकं आत घालून श्वास घ्यायचा नाही, पंखा लावायचा, खिडक्या उघड्या. क्लोरोफॉर्मने जोडणाऱ्यांनाही हेच लागू. मग पूर्ण ४८ तास हात लावायचा नाही.

नळाची मांडणी हर्बी पद्धतीची. एका निपलला आत खाली वळलेला एल्बो आणि बाहेर गेट व्हॉल्व्ह. तो पाण्याने भरून आवाज न करता वाहतो. दुसरा एल्बो वर वळलेला, एरवी कोरडा, पहिला तुंबला तर कामाला येणारा. बॉल व्हॉल्व्ह इथे चालत नाही. केसभर फिरवला तरी पेटीतली पातळी दोन बोटं हलते. कोरड्या नळाची परीक्षा एकच: गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पंप चालू ठेवायचा आणि एकटा तो सगळं पाणी नेतो का ते बघायचं. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, टाकीपर्यंत चढवून प्रत्यक्ष किती पडतं ते बादली आणि घड्याळ लावून मोजावं.

वीज गेली की खरी फजिती संपची. टाकीत आतून १ सेंमी पाणी म्हणजे ५ लिटर. कडेवरचे ११ मिमी उतरतात, म्हणजे साडेपाच. परतीच्या नळाचं तोंड फटींच्या तळाखाली २ सेंमी असेल तर उलट ओढीने आणखी १०. पेटीतलं आणि नळांतलं धरून २२ च्या घरात. संपमध्ये ३० लिटर जागा मोकळी ठेवली आहे. परतीच्या नळाला पाण्याच्या पातळीलगत ४ मिमीचं भोक पाडलं की ओढ लवकर तुटते, मात्र ते शेवाळाने बुजतं, म्हणून हिशेब भोक नाही असं धरूनच. टाकीखाली सलग, सपाट प्लायवूड, नुसती चौकट नाही. पहिल्यांदा अर्धी भरून २४ तास, मग पूर्ण भरून आठवडा, आणि तोपर्यंत मासे बाहेर.

नवे चरे पडतात ते बहुतेक घासायच्या चुंबकात अडकलेल्या वाळूच्या कणाने, म्हणून चुंबक वाळूच्या वर चार बोटं थांबवायचा. भांड्यांची हिरवी घासणी टाकीच्या आसपासही नको.

होल सॉमधून निघालेल्या दोन चकत्या आणि पट्ट्यांचे उरलेले तुकडे तुमच्या खिडकीतल्या डब्यात ठेवले आहेत. पुढचा कोणी टाकी घेऊन आला तर पहिला जोड आणि पहिला ४०० नंबर त्यांच्यावर मारायला द्या.

आपले,
चार फुटीवाले