संशोधनाला मार्गदर्शक मिळणार कुठून?

महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' करता येते. त्यात 12 क्रेडिटचा प्रकल्प प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली करायचा असतो. हा मार्गदर्शक शोधायचा कसा, हे मात्र तालुक्याच्या कॉलेजांत मुलांना कुणी सांगत नाही.

मग मुले पुण्या-मुंबईच्या पन्नास शास्त्रज्ञांना एकच ईमेल धाडतात. सरांचे काम पॉलिमरवर आणि पत्रात कॅन्सरच्या पेशी! उत्तर येत नाही आणि 'तिथं आपलं काय काम' म्हणून गुणी मूल गप्प बसते, याचे फार वाईट वाटते. एका शास्त्रज्ञाचा एक पेपर नीट वाचा आणि जे अडले ते विचारणाऱ्या चार ओळी लिहा, असे मी वर्गात सांगतो. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा 'नियस' उपक्रम आहे. त्यांच्या नोटिसा बोर्डावर मुदतीआधी लागल्या तरी पुष्कळ.

पण पहिला मार्गदर्शक स्वतःच्या कॉलेजातच भेटायला हवा. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी गावातल्या विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून घेऊन आली. या पाण्यात डाळ का शिजत नाही, हा तिच्या आईचा प्रश्न. पाण्याचा जडपणा मोजणारे ईडीटीए या रसायनाचे टायट्रेशन तिने प्रॅक्टिकलला केलेलेच होते. लालसर रंग जाऊन निळा आला की थांबायचे, हे हाताला माहीत होते. नमुना कधी आणि कसा घ्यायचा, तेच रीडिंग पुन्हा का घ्यायचे, पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या पाण्याची तुलना कशी करायची, एवढेच शिकवावे लागले. पुढे तिने हे काम विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत मांडले. त्यासाठी लागली ती संध्याकाळी उघडी राहणारी प्रयोगशाळा आणि तिच्याबरोबर थांबणारा शिक्षक.

हे थांबणे आमच्याकडे कार्यभारात धरले जात नाही. कायमच्या जागा रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावरचे सहकारी दोन-दोन कॉलेजांत धावतात. त्यांच्यात पीएचडी झालेले, शिकवण्याची मनापासून आवड असलेले कितीतरी आहेत. पण पैसे फक्त तासाचे.

विद्यापीठांनी पदवीच्या प्रकल्पाचे मार्गदर्शन कार्यभारात मोजावे आणि तासिका शिक्षकांनाही त्याचे मानधन द्यावे. शिवाय प्रत्येक विभागाच्या दारावर शिक्षकाचे नाव, त्याच्या संशोधनाचा विषय आणि भेटीची वेळ लावावी. याला तर ना अनुदान लागते, ना शासन निर्णय.

– रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक, सांगली जिल्हा